तात्या पोचल्याशिवाय

मी काही लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि अजून दुसऱ्या वर्षालाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. पण तात्यांच्या दहाव्याला सगळे रडत होते आणि आमचे आबा तात्यांचीच वाट बघत होते, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

आबा म्हणजे माझे आजोबा. तात्या त्यांचे धाकटे भाऊ, पैठणला राहायचे. दोघांनी जन्मभर एकत्र मेंढरं राखली. आमच्यात लग्न असो की मयत, तात्या पोचल्याशिवाय काहीच सुरू होत नसे.

गेल्या वर्षी आबांना समोरच्याचं तोंड दिसेनासं झालं. शहरातले डॉक्टर म्हणाले, वयामुळं पडद्याचा मधला भाग झिजलाय, आता कडेचंच दिसेल. तेव्हापासून आबा मान वळवून तिरके बघू लागले. "मेंढरागत बघतोय रं मी," म्हणायचे. असे डोळे झालेल्या बऱ्याच जणांचे कानही कमी झालेले असतात, तेही तपासून घ्या, असंही डॉक्टर म्हणाले होते. पण आम्ही डोळ्यांसाठी गेलो होतो, म्हणून डोळ्यांपुरतंच ऐकलं. (कान आमचेच तपासायला हवे होते.)

खरं म्हणजे आबांना कितीतरी वर्षं कमीच ऐकू येत होतं. ते आमच्या ओठांवरून समजून घेत, आणि आम्हाला पत्ता नव्हता. ओठ दिसेनासे झाल्यावर त्यांनी सोपी वाट धरली. कुणी काहीही बोललं, की "व्हय, व्हय."

तात्या गेले तेव्हा आबा तापानं फणफणले होते, म्हणून त्यांना मातीला नेलं नाही. बातमी सांगायचं काम, शिकलेला म्हणून, माझ्याकडे आलं. मी बरोबर समोर उभा राहिलो, मान खाली घातली आणि हळू आवाजात, शुद्ध भाषेत म्हणालो, "आबा, तात्यांचं निधन झालं."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले, आणि भाकरी मागितली.

आई म्हणाली, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, काळीज मोठं आहे. यावरून दोघांनी दोन दिवस अबोला धरला.

दहाव्याला आबांनाही पैठणला नेलं; दहावा कुणाचा, हे त्यांना पुन्हा सांगावं असं कुणालाच वाटलं नाही. घाटावर पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. तेवढ्यात आबा तिरकी मान करून गर्दीत बघत मोठ्यानं म्हणाले, "तात्या कसा आला नाय अजून?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भाऊ कावळा होऊन यावा म्हणून म्हातारा हाक मारतोय, असंच सगळ्यांना वाटलं. तात्यांच्या मुलीनं पिंडाला हात जोडले. "आबाला आम्ही अंतर देनार नाय, तात्या. या आता."

आणि कावळा आला. अण्णा आबांच्या कानाशी ओरडले, "आले, तात्या आले!"

आबांचा चेहरा असा उजळला, की मला अजून आठवतो. काठी टेकत ते उठले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कुठंय? मला सोडून कुनापाशी बसला?"

रडणं एकदम थांबलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी आबांना खाली बसवलं आणि त्यांच्या कानाला तोंड लावलं. शुद्ध भाषा काही आठवेना.

"आबा, तात्या वारले. ह्यो दहावा त्यांचाच हाय."

आबा बराच वेळ घाटाच्या दगडावरून हात फिरवत राहिले.

"म्हंजी कावळ्याला बी माझ्या आदी कळलं," ते म्हणाले.

(कावळ्याला सांगायचं काम माझ्याकडे नव्हतं.)