केळीच्या खोलीतलं गाणं

आमच्या बँडचा पहिला अल्बम आम्ही पहूरला, केळी पिकवायच्या एका खोलीत रेकॉर्ड करायचं ठरवलं. खोली ड्रम वाजवणाऱ्या मित्राच्या मामांची. आत माल नव्हता. भिंती जाड, दार मोठ्या फ्रिजसारखं, त्यामुळे शेजारून ट्रॅक्टर गेला तरी कळत नसे. धुळ्यात अशी शांत जागा आम्हाला मिळालीच नव्हती.

दुपारी दुसरं गाणं सुरू केलं आणि दिवे गेले. गिटारवाला चाचपडत दारापर्यंत गेला.

"बाहेरून कडी लागलीय," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

आतून उघडायचा दांडा तुटलेला होता. मोबाइलला रेंज नव्हती. ड्रमवाला मोठ्या ड्रमवर धाडधाड मारत सुटला, पण आमचा आवाज बाहेर जातच नव्हता. मला वाटायला लागलं, हवा संपतेय. खरंच संपत होती की भीतीनेच दम लागत होता, कोण जाणे. केळ्यांचा शिळा गोड वास घशात बसला होता. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"गा," ड्रमवाला म्हणाला. "काहीही गा, पण अशी गप्प बसू नको."

बँडमध्ये गाणारी मीच, पण गाण्याचे हिंदी शब्द आठवेचनात. मग घरच्या अहिराणीत, सुचेल तसं गायले. मधेच श्वास तुटायचा. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि रेकॉर्डिंग बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

शेवटी मामांनी दार उघडलं. "मले वाटलं तुम्ही जेवाले गेले," ते म्हणाले, आणि आमचे चेहरे बघून उंबऱ्यातच बसले. मेन स्विचही त्यांनीच बंद केला होता.

तेच गाणं पुढे धुळ्यात पुन्हा गाऊन पाहिलं. सुरात आलं, पण त्यात जीव नव्हता. म्हणून खोलीतलं पहिलंच रेकॉर्डिंग ठेवलं.

अल्बम आल्यावर कॉलेजातली पोरं म्हणाली, आपल्या बोलीत असंही गाता येतं हे माहीत नव्हतं. जळगावच्या कार्यक्रमात लोकांनी तेच गाणं मागून घेतलं. श्वासाचा काय सुंदर वापर केलाय, असं कुणीतरी लिहिलं. ते वाचून मला दरदरून घाम फुटला.

घरी मी खोलीचं काहीच सांगितलं नव्हतं. आईने भाकरी थापताना मोबाइलवर गाणं ऐकलं आणि तिचा हात थांबला.

"तू आठे भ्यायेल व्हती ना?"

"हो, इथं खूप घाबरले होते," मी म्हटलं. तिने गॅस बंद केला, पिठाच्या हातानेच मला जवळ घेतलं, आणि मग मी सगळं सांगितलं.