म्बोम्वू म्हटल्यावर कोण उठलं

मा-शेझीचा नवरा वाचनालयात मेला आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच बसून राहिला. यावर शंका काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी त्यांना त्या खुर्चीवर बसायला सांगायचे. तिसरी रांग, खिडकीकडची. दोन-तीन शहाणे बसलेही. थोड्या वेळाने उठून सिगारेट ओढायला म्हणून बाहेर गेले ते परत आले नाहीत, आणि त्यातल्या एकाला तर सिगारेट ओढताच येत नव्हती.

आमची वस्ती एम्थुन्झिनी. टेकडीचा वरचा उतार, खालचा उतार आणि बरोबर मधे वाचनालय. त्या जाळपोळीच्या वर्षांत वरची पोरं खालच्यांची घरं पेटवत होती आणि खालची वरच्यांची. तेव्हा दोन्हीकडची माणसं एका छताखाली बसायची ती फक्त इथं, शनिवारी, 'मोठ्यांची दुपार' या कार्यक्रमाला. लहान पोरांना मज्जाव. कुणी गोष्ट सांगायचं, बायका मण्यांचं काम शिकवायच्या, चर्चची मंडळी गायची, शेवटी चहा आणि स्कोन. म्झिकायिसे न्गुबाने, म्हणजे मा-शेझीचा नवरा, एरवी बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायचा आणि शनिवारी इथं नाटक वाचून दाखवायचा. सगळी पात्रं एकटाच. सासूचा आवाज असा काढायचा की समोरच्या सुना तोंड दाबून हसायच्या आणि सासवा त्यांच्याकडं डोळे वटारून बघायच्या.

एका शनिवारी तो असाच सासूच्या आवाजात बोलत असताना दोघं दारातून आत आले, तोंडं झाकलेली. लोकांना वाटलं, हेही नाटकातलेच. काहींनी टाळ्या वाजवल्या.

गोळी लागल्यावर म्झिकायिसे चालत तिसऱ्या रांगेपर्यंत आला आणि दम लागलेला माणूस बसतो तसा खिडकीकडच्या खुर्चीत बसला. तिथंच गेला.

देह पुरला. पण आमच्यात देह पुरून काम संपत नाही. जो घराबाहेर रक्त सांडून मरतो तो त्या जागीच थांबतो. मग घरच्यांनी रानबोरीची काटेरी फांदी घेऊन जायचं, ती त्या जागेवर टेकवायची, चल घरी म्हणायचं आणि दारापर्यंत त्याच्याशी बोलत यायचं. वाटेत दुसऱ्या कुणाशी एक शब्द नाही. टॅक्सीत त्याच्या जागेचं भाडं वेगळं द्यायचं. घरातल्या मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागेत, फांदी ठेवली की माणूस घरचा होतो आणि घर राखायला लागतो. पण वाचनालयाला दुसऱ्याच दिवशी कुलूप लागलं, आणि ते निघायला निम्मं आयुष्य गेलं.

मा-शेझी खालच्या उताराची, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. उंच बाई, ऊन असो पाऊस असो हातात काळी छत्री, बोलणं तुटक. तिच्या मुलीला मागणी घालायला माणसं यायची. रीतीप्रमाणे फाटकाबाहेर उभी राहून घराण्याचं नाव पुकारायची. आत सगळे बसलेले असायचे आणि कुणालाच ऐकू जायचं नाही. दोनदा माणसं अशी परत गेली. शेजारच्या आळीला ऐकू गेलं, या घराला नाही.

"माझ्या दाराला राखणदार नाही," मा-शेझी म्हणायची. "राखणदार वाचनालयात पेपर वाचत बसलाय."

अखेर कुलूप निघालं. लिंडेनी नावाची नवी ग्रंथपाल आली. तरणी, हुशार, आणि वागायला इतकी सभ्य की कधीकधी राग यावा. तिनं 'मोठ्यांची दुपार' पुन्हा सुरू केली. पहिल्या शनिवारी लोक आले, दुसऱ्याला निम्मे, मग नुसत्या खुर्च्या. आत गारठा असायचा. त्या खुर्चीवर ठेवलेला पेपर दर वेळी फुटबॉलच्या पानावर उघडलेला सापडायचा. लिंडेनीच्या चहाच्या किटल्या भरलेल्याच परत जायच्या.

मा-शेझी म्हणाली, "मला माझा माणूस नेऊ दे. तुझेही लोक परत येतील."

परवानगी शहरातल्या साहेबाची. मी तिची शेजारीण, वस्तीचे मोर्चे काढणारी; तिच्याबरोबर गेले.

"वाचनालयात झाडाच्या फांद्या आणता येत नाहीत," साहेब म्हणाला.

"मग पुस्तकं कशाची असतात साहेब, मक्याच्या पिठाची?"

"बाई, आवाज खाली. विधी चालत नाहीत. कार्यक्रम चालतो. कार्यक्रम म्हणून मागा, सही करतो."

"अहो, माणूस न्यायचाय तिला! नाचून दाखवायचं नाहीये तुम्हाला."

"मग नाही."

माझं डोकं फिरलं. टेबलावरचा त्याचा चहा मी त्याच्याच अंगावर ओतणार होते. मा-शेझीनं माझं मनगट धरलं. वर्षानुवर्षं इस्त्री धरलेला हात तो, सुटत नाही.

"होऊ दे कार्यक्रम," ती म्हणाली. "नाटकवालाच होता तो. लोकांसमोरून निघायला त्याला आवडेल."

दारावर कागद लागला: 'मोठ्यांची दुपार. परंपरेचं दर्शन. चहा मिळेल.' मी तो तीनदा वाचला आणि तीनदा थुंकले.

फांदी खरं तर घरच्या पुरुषानं धरायची, पण न्गुबान्यांचे जवळचे पुरुष इथं कुणी उरले नव्हते. डोंगरातल्या थोरल्या चुलत्यानं निरोप धाडला की बायकोनं आणलं तरी चालेल, तो तिलाच ओळखतो. त्या शनिवारी जागा पुरेना. वरच्या उताराचे डावीकडं, खालचे उजवीकडं, कुणी न सांगता. दाराशी पहारेकरी एल्फस उभा. तोही आडनावानं न्गुबाने, पण वरच्या उताराचा. एका कुळाची माणसं दोन्हीकडं होती आणि कुळ बघून कुणी काडी विझवली नव्हती. म्झिकायिसे गेला त्या दिवशी एल्फस रस्त्याच्या वळणावर नजर ठेवून उभा होता असं लोक बोलत. त्याच्या तोंडावर मात्र कुणी बोलत नसे.

मा-शेझी आली. तिसऱ्या रांगेत गुडघ्यांवर बसली, फांदी खुर्चीला टेकवली.

"म्झिकायिसे, ऊठ. मी आलेय. उशीर झाला, ते भांडण घरी गेल्यावर कर." मागं कुणीतरी हसलं आणि हसू मधेच गिळलं. "इथं गारठा आहे. पोरगी लग्नाची झालीय. दाराशी माणसं येतात आणि परत जातात. चल."

मी जवळच होते. फांदीला पाण्याची बादली अडकवावी तसा तिचा हात खाली गेला. तिनं दुसरा हात लावला. दोन्ही हातांनी फांदी पेलत ती उठली आणि चालायला लागली.

"हा खांब नवा आहे, डोकं सांभाळ. हे सगळे तुला बघायला आलेत. बघितलंस, अजून गर्दी खेचतोस."

लोक उभे राहिले. दार दमटपणानं फुगून अडकलं होतं. एल्फसनं खांदा लावून ते उघडलं. मागून लिंडेनी येत होती.

आता ऐका. आमच्यात नुसते आभार मानणं म्हणजे कुत्र्याला हाड टाकणं. ज्याचे आभार मानायचे त्याला कुळाच्या मानाच्या नावानं हाक मारायची. न्गुबान्यांचं नाव म्बोम्वू. चांगल्या घरात वाढलेलं लेकरू हे ठरवून करत नाही, तोंडातून जातंच.

"उपकार झाले, म्बोम्वू," लिंडेनी म्हणाली.

"हो, हो," एल्फस टोपीला हात लावत म्हणाला.

मा-शेझीच्या हातातली फांदी हलकी झाली. मी ती वर उसळताना पाहिली. वाळकी काटकी धरावी तशी ती दोन हातांत धरून मा-शेझी उभी राहिली. तिनं लिंडेनीकडं पाहिलं, एल्फसकडं पाहिलं. एक शब्द बोलता येत नव्हता. दुसऱ्या कुणाशी बोलली असती तर उरलंसुरलंही संपलं असतं.

ती तशीच पुढं निघाली, बोलत. टॅक्सीत शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलत राहिली, पोरीबद्दल, छपराबद्दल. आवाज दारावरून पाहुण्याला परत बोलावणाऱ्या माणसाचा. घरी फांदी ठेवली, बोकड पुढं आणला, त्याला सांगितलं की घरधनी आलाय. बोकड ओरडला की समजायचं, आलेल्यानं ओ दिली. बोकड गप्प. आम्ही पुन्हा सांगितलं. त्यानं मान वळवून कुंपणाबाहेर पाहिलं.

पुढच्या शनिवारी तिसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीत एक जाड बाई बसली आणि खुशाल घोरली. खुर्चीत कुणी नव्हतं. घरातही कुणी नव्हतं. लिंडेनी मा-शेझीसमोर रडायला लागली.

"मा, मी काही मुद्दाम..."

"तुझ्या आईनं तुला चांगलं वळण लावलं. त्यात तुझा काय दोष? डोळे पूस."

मग एके शनिवारी, मण्यांचं काम चाललं असताना, एल्फस आला. अंगावर गणवेश नव्हता. गालफडं बसलेली. सगळ्यांच्या मधून तो मा-शेझीसमोर येऊन उभा राहिला.

"मा-शेझी, तुमचा माणूस माझ्या घरी आहे."

तिनं सुईवरून डोळे काढले नाहीत. "कशावरून?"

"बायको मक्याचं पुतू वाढते, एक ताट जास्त वाढते. म्हणते, हात आपोआप जातो. कुत्रा उंबरा ओलांडत नाही. आणि मधल्या खोलीत," त्यानं मागं वळून पाहिलं, "कुणीतरी म्हाताऱ्या सासूसारखं हसतं."

मणी तिच्या मांडीवरून खाली सांडले, सगळीकडं पळाले. कुणी वेचायला वाकलं नाही.

"तू का ओ दिलीस?" ती म्हणाली.

"म्बोम्वू म्हणून हाक मारल्यावर काय करू? मीही म्बोम्वूच आहे."

"त्या दिवशीही होतास का म्बोम्वू? वळणावर उभा होतास तेव्हा?"

एल्फस म्हणाला, "होतो. वळणावर होतो. आत गेले ते दुसरे."

"कोण दुसरे?" मी उठले. "नावं घे! इथं, सगळ्यांसमोर घे! वर्षानुवर्षं आम्ही..."

"तू खाली बस," मा-शेझी मला म्हणाली. "हा तुझा मोर्चा नाही."

मी बसले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बसले नसते.

"न्या हो त्याला," एल्फस म्हणाला. "हात जोडतो तुमच्यापुढं."

"मी नाही नेणार. माझ्या शब्दावर तो दारापर्यंतच आला. तू ओ दिलीस म्हणून तुझ्या घरी गेला. फांदी तू धर. वरच्या उतारावरून निघ, माझ्या दारापर्यंत ये. आणि बोलत ये. गप्प राहिलास तर तो वाटेत थांबेल."

"काय बोलू मी त्याच्याशी?"

"तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी आहे रे त्याला सांगण्यासारखं?"

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर तो निघाला. वरच्या उताराचा माणूस, छातीशी काटेरी फांदी धरून, पायी, भर उन्हात खालच्या उतारावर येत होता. फाटकाफाटकात माणसं उभी. ज्यांची घरं जळली होती ती, ज्यांची पोरं गेली होती ती. त्याला शिवी घालायला कित्येकांची जीभ वळवळत होती, पण फांदीवाल्याशी बोलायचं नसतं. सगळ्यांनी शिव्या चावून गिळल्या. तो मात्र बोलत होता. आवाज अगदी खाली, ओठ सतत हलत होते. दोन्ही हातांनी फांदी पेलत होता. जुन्या जळक्या दुकानाशी तो थांबला, रडला, पुन्हा बोलायला लागला. मागून मा-शेझी चालत होती. तिनं कान टवकारले होते. वारा उलटा होता, एक शब्दही मागं येत नव्हता.

घरी बोकड असा ओरडला की पलीकडच्या आळीतली कुत्री उठली. म्झिकायिसे आला.

मांस शिजलं. एल्फसला पान वाढलं, त्यानं खाली मान घालून खाल्लं. तो निघताना मा-शेझी फाटकापर्यंत गेली.

"काय सांगितलंस त्याला?"

"सगळं."

"मला सांग."

"नाही, मा-शेझी. तो मेलाय, त्याला ऐकून चालतं. तुम्हाला या माणसांत राहायचंय."

तो वर निघून गेला. तिनं त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर फाटकात माणसं आली, त्यांनी नाव पुकारलं, ते पहिल्या हाकेला आत ऐकू आलं. मुलीचं ठरलं. घर राखलं जातंय यात शंका नाही. पण सकाळी मागच्या भिंतीशी त्याच्या नावानं चिमूटभर तपकीर ठेवताना मा-शेझी त्याला विचारते, कोण होते ते? स्वप्नातही विचारते. तो येतो, जेवतो, पोरीची चौकशी करतो. हा प्रश्न आला की तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत राहतो. वरच्या उताराकडं बघत नाही. खाली, आपल्याच शेजारपाजाराकडं बघतो.

'मोठ्यांची दुपार' आता जोरात चालते. गाणी असतात, नाटकं असतात, किटल्या रिकाम्या होतात. मा-शेझी एकही शनिवार चुकवत नाही. पहिल्या रांगेतली खुर्ची उचलते, उलटी फिरवते आणि लोकांकडं तोंड करून बसते.

लिंडेनी एकदा हळूच म्हणाली, "मा, कार्यक्रम तुमच्या पाठीमागं आहे."

"असू दे गं. मला दिसतंय ते बघू दे."

मागं कुणी विनोद करतं, रांगाच्या रांगा हसतात आणि तिची नजर एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकत जाते. मी चौथ्या रांगेत बसते, खालच्या उताराच्या माणसांत. आयुष्यात मी कुणाच्या बापासमोर मान खाली घातली नाही. पण ती नजर माझ्यापाशी आली की मी चहाच्या कपात बघते, आणि शेजारचेही सगळे कपातच बघत असतात.