नकाशातली खोटी विहीर

"तू गेलती काय तिथं?" काका बोट टेबलावर टेकवून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत बोट उचलायचे नाहीत.

दूधवाला म्हणाला की मझौलीकडे गारा पडल्या, तर त्यालाही तेच: "गये थे क्या वहाँ?" तो नाही म्हणाला की वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे ऐकीव गोष्ट सांगायची सोय नसते.

जबलपूरच्या कांचघर भागात ते आमच्या शेजारी राहत. उभी नोकरी जमीन मोजणाऱ्या एका ऑफिसात नकाशे काढण्यात गेलेली. नागपूर महाराष्ट्रात गेलं तेव्हा त्यांचे दोघे भाऊ तिकडे निघून गेले. हे जबलपुरातच राहिले. काहून, असं विचारलं तर म्हणत, "नवी सरहद्द आखायला कोणी पाहिजे होतं ना, भई."

काका म्हातारे झाल्यावरची ही गोष्ट. मी पुण्याची नोकरी सोडून घरी परतले होते आणि शाळेतल्या एका मित्राला भागीदार घेऊन अंतराळातल्या प्रवासाचा गेम बनवत होते. बाहेरच्या लोकांशी गोड बोलायचं काम त्याचं, बाकी सगळं माझं. गेमचं यान उडत होतं, ग्रह फिरत होते, पण नकाशा काही केल्या जमत नव्हता. चारशे तारे, त्यांची चारशे नावं, आणि सगळी एकमेकांच्या अंगावर चढलेली. चार महिने मी त्याच्याशी डोकं फोडत होते.

एक दिवस काका भिंग घेऊन आले. भिंग त्यांनी थेट माझ्या स्क्रीनला लावलं.

"हे काय करून राहिली तू? नुसती गर्दी."

"काका, नावं बसतच नाहीत."

"सगळ्यांना एकदम काहून बसवते? मोठ्या गावाला आधी जागा. लहान गावानं माणूस जवळ येईपर्यंत गप राहायचं."

दोन दिवसांत मी तसं केलं. दुरून पाहिलं तर मोजकीच नावं दिसायची, जवळ गेलं की बारकी नावं एकेक करून उगवायची. काकांनी भिंग लावून तपासलं आणि फक्त "चलो" म्हणाले. ती त्यांची शाबासकी.

मग त्यांचं बोट नकाशाच्या कडेला टेकलं. तिथं मी हौसेनं रंगीत ढग भरले होते.

"गेलती काय तिथं?"

"तिथं कोणीच गेलेलं नाही, काका. गेम आहे हा."

"मग कोरं ठेव. जिथं पाय पडला नाही तिथं रंग भरायचा नाही."

मी ढग पुसले. यान जिथं पोचेल तेवढाच नकाशा उमटायचा, बाकी सगळा कोरा. पुढे आमच्या गेममधली हीच गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त आवडली. म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आवडली. ते सांगते.

एकदा त्यांनी मला एक जुना नकाशा दाखवला, भेडाघाटच्या वरच्या अंगाच्या नर्मदेचा. त्यांनीच सात हिवाळे पायी फिरून काढलेला. खाली छापलेलं नाव मात्र त्यांच्या साहेबाचं. काकांनी एका शेतावर बोट टेकवलं. तिथं विहिरीची खूण होती.

"ही विहीर नाही आहे. मी मनानं काढली."

त्यांच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्यांची ती रीत होती. कोणी नकाशा चोरला तर कळावं म्हणून कच्च्या नकाशात प्रत्येकानं एक खोटी खूण ठेवायची, कोणाला सांगायची नाही आणि पक्का करताना खोडायची. काका आईच्या दिवसांना गावी गेले असताना साहेबानं टेबलावरचा कच्चा नकाशा उचलला आणि स्वतःच्या नावानं छापून घेतला. विहिरीसकट.

"एक बार त्या शेतात जाऊन पाहिलं असतं तर समजलं असतं त्याले. पण तो गेलता कुठं!"

"तुम्ही तक्रार नाही केली?"

"काहून करू? तक्रार एकदाच होते."

त्याऐवजी ते दर दसऱ्याला साहेबाला एक पोस्टकार्ड टाकत. वर एकच ओळ: साहब, कुएँ में पानी कैसा है? साहेबाच्या बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, निवृत्त होऊन त्यानं भोपाळला घर बांधलं, कार्ड चुकलं नाही. पत्ता बरोबर आहे ना, हे पाहायला काका स्वतः भोपाळला गेले होते. फाटकावरची पाटी वाचली आणि परतीची गाडी पकडली. उत्तर कधीच आलं नाही.

मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तूही एक खोटा तारा टाकून ठेव. तुझा तो दोस्त कधी यान चालवत नाही, मी पाहून राहिलो."

ताऱ्याचं नाव त्यांनीच दिलं, वच्छी. काकूंचं माहेरचं नाव. "आता कोणीच हाक मारत नाही त्या नावानं," ते म्हणाले. जवळ गेलं की नकाशावर वच्छी लुकलुकायची, पण यान घेऊन थेट तिथं पोचलं तर काहीही नसायचं. गेम बाहेर काढायच्या आदल्या दिवशी ती खोडायची असं आमचं ठरलं.

तो दिवस आलाच नाही. भागीदार एका दुपारी यायचा बंद झाला, फोन उचलेना. काही महिन्यांनी त्याच्या नावानं एक गेम बाहेर आला. कथा वेगळी, यान वेगळं, पण नकाशा माझा. माझा कोरेपणा, माझी गप्प बसणारी नावं. दोन वर्षांत मी केलेलं एकच चांगलं काम, आणि त्याखाली त्याचं नाव. लोक त्याची पाठ थोपटत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी रागानं रडत सगळं सांगितलं. त्यांनी पलंगाच्या कडेवर बोट टेकवलं.

"तू गेलती काय तिथं?"

नव्हते गेले. घरी येऊन मी त्या चोराचा गेम विकत घेतला आणि यान सरळ वच्छीकडे वळवलं. जवळ जाताच नकाशावर ती उमटली. पोचले तर नुसता काळोख. मी तशीच चपला न घालता काकांकडे धावले. ते खोकला येईस्तोवर हसले आणि म्हणाले, "अच्छा. आता घाई नको करू."

पितृपक्षात ते गेले. त्या दसऱ्याला कार्ड टाकायचं कोणाला सुचलंच नाही.

दिवाळीच्या आधी भोपाळहून एक पोस्टकार्ड आलं. काकूंनी वाचायला मला दिलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: इस बार आपका कार्ड नहीं आया. तबीयत तो ठीक है?

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. म्हातारा दर दसऱ्याला पोस्टमनची वाट पाहत होता तर! पण त्या दोन ओळींत विहिरीबद्दल अक्षर नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं आणि डोळे पुसले. काकांच्या खणात कोरी कार्डं उरली होती. त्यातल्या एकावर लिहिलं: वे नहीं रहे. कुआँ वहीं है.

काकूंनी माझं कार्ड हातात घेतलं. मला वाटलं, फाडतील.

"पुढच्या साली लिहिशील ना?" त्या म्हणाल्या. "माझं अक्षर चांगलं नाही."

आता दसऱ्याला मी त्यांच्याकडे सोनं द्यायला जाते. भोपाळचं कार्ड लिहून होतं. मग मी फोन काढते आणि माझ्या जुन्या भागीदाराला एकच ओळ पाठवते: वच्छी गया था क्या कभी? काकू शेजारी बसून स्क्रीनकडे पाहतात. दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर अजून आलेलं नाही. मला घाई नाही.