न सुजलेला गाल

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल, पण खरी एकदाही नाही. खरी सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. आता ऐंशी ओलांडली, म्हणून लिहून टाकतो.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. साजगावच्या एका कारखान्यात मी मुकादम होतो आणि आमच्या कबड्डी संघाचा कप्तानही. कशेळ्याकडचा एक फिटर आमचा हुकमी चढाईपटू. उपांत्य सामन्याला तो आलाच नाही. अक्कलदाढ आडवी उगवली होती, आणि दातांचे डॉक्टर कर्जतला गुरुवारीच यायचे, नेमके सामन्याच्या दिवशी. त्याच्याविना आम्ही एका गुणाने कसेबसे तरलो.

तिसऱ्या दिवशी तो कामावर हजर! गाल जसाच्या तसा. माझी दाढ काढली तेव्हा तोंडाचा भोपळा झाला होता, आठवडाभर चमचा आत जात नव्हता.

"दाढ काढली?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"काढली ना दादा. हाड कोरून काढली."

"मग सूज कुठं हाय? येताना पळसदरी टेसनात उतरली काय?"

सगळे खिदळले.

"डाक्टरनं सूज चढू नये म्हनून सुई दिली. गोळ्या पन हायेत."

"अशी सुई असती तर मला नसती दिली? सामन्याला घाबरलास, तर तसं सांग रं."

टाके दाखवायला त्याने तोंड उघडलं. मी पाठ फिरवली. त्या दिवसापासून सगळे त्याला 'सुई' म्हणू लागले.

अंतिम सामना खालापूरला, दाढ काढल्यापासून दहाव्या दिवशी. मध्यंतराला आम्ही सात गुणांनी मागे. मग तो उठला. कबड्डी घुमवत गेला आणि एका चढाईत तिघांना मारून आला. मैदान उभं राहिलं. आम्ही लोण चढवला. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. दोघे त्याच्या पायाला लटकले, तरी त्याने फरफटत येऊन बोटं रेषेला टेकवली! ढाल पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आली. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. असा गुलाल मी पुन्हा कधी खेळलो नाही.

सत्कारात मी छाती फुगवून म्हणालो, "मी डिवचलं, म्हणून हा पेटला." टाळ्या पडल्या. तो खाली बघत होता.

महिन्याभराने बायकोची अक्कलदाढ दुखू लागली, म्हणून तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. कारखान्याचं नाव ऐकताच त्यांनी विचारलं, "तुमचा कबड्डीवाला जिंकला का हो?" मग म्हणाले, "त्याला स्टेरॉइड दिलं होतं. सूज कमी येते, जबडा आखडत नाही. मधुमेह वगैरे नाही ना, ते विचारून दोन-तीन दिवसच द्यायचं. सगळे देत नाहीत. त्याने मला एवढंच विचारलं, दहा दिवसांनी कबड्डी घुमवायला तोंड उघडेल ना?"

बायकोलाही त्यांनी तेच दिलं. तिसऱ्या दिवशी ती दुधात भाकरी कुस्करून खात होती. गाल जसाच्या तसा.

तरी माझी गोष्ट मी तशीच सांगत राहिलो.

निवृत्तीनंतर तीनदा कशेळ्याला उतरलो. त्याच्या ओटीवर चहा प्यालो, भाताविषयी बोललो आणि परत आलो. चौथ्यांदा गेलो ते त्याच्या दहाव्याला. म्हणायचं होतं ते एवढंच: तू दाढ काढली होतीस. घाबरला नव्हतास. चारचौघांत मी तुला खोटं पाडलं, आणि खरं कळल्यावरही गप्प बसलो. माझं चुकलं रं.