सुरतेला निघणारं भुयार

पृथ्वीच्या गर्भात उतरताना माणसाला आपल्या क्षुद्रतेचा साक्षात्कार होतो, असं जाणकार सांगतात. मला तो उतरण्याआधीच, सुरतेच्या उधना स्टेशनवर झाला. त्यासाठी पृथ्वीची गरज पडली नाही. एक बाई आपली शिलाई मशीन गावी नेत होती आणि ती तिने डब्यात माझ्या पायावरून चढवली.

दिवाळीत सुरतेच्या मिल बंद असतात आणि अर्धा खानदेश गावाकडे निघतो. गुहांचा अभ्यास पावसाळ्यानंतर, आतलं पाणी ओसरल्यावर करावा, असं पुस्तकं म्हणतात. आमचा हंगाम मिलच्या सुट्टीवर ठरतो. सुदैवाने दोन्ही एकाच सुमारास येतात, त्यामुळे आम्ही शास्त्रीय वाटतो.

आम्ही म्हणजे तिघं. भामरेसाहेब पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये मॅनेजर आहेत. गुहा मोजणाऱ्या आमच्या मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि फोटोत मधले. ज्योती सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत साड्यांची डिझाइनं काढते, म्हणून गुहांचे नकाशेही तिच्याकडे आले. मी स्टोअरकीपर. मोजणीची फीत दोघांनी धरायची असते आणि शून्याचं टोक नेहमी माझ्या हातात असतं.

दिव्याचं हेल्मेट चेपू नये म्हणून साहेबांनी ते गाडीत डोक्यावरच ठेवलं होतं. सुरत सध्या मेट्रोसाठी जागोजागी खणलेली असल्याने डब्याने त्यातून एकच अर्थ काढला. समोरच्या एका गृहस्थांनी अदबीने विचारलं, "साहेब, मेट्रो क्यारे चालू थशे?" (मेट्रो कधी सुरू होणार?) साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "काम प्रगतिपथावर आहे." त्यानंतर त्यांना खिडकीची जागा मिळाली, कोणाच्या तरी डब्यातले शंकरपाळे मिळाले, आणि नंदुरबार येईपर्यंत त्यांनी शहराच्या तीन स्टेशनांची जागाही बदलून दिली.

नरडाण्याला उतरलो, शिरपूरला एस.टी. बदलली आणि दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी पोचलो. डोंगर पाहून आम्ही तिघंही उगाचच हसायला लागलो. वर्षभर सपाट रस्त्यांवर काढलेल्या माणसाला चढ दिसला की असं होत असावं. काळे कडे एकावर एक रचलेले, मध्ये सागाचं जंगल, आणि वाऱ्याला कसल्याही रंगाचा वास नव्हता. वनखात्याने अभयारण्यातल्या गुहेची मोजणी करून नकाशा द्या, असं कळवलं होतं. त्या पत्राची साहेबांनी फ्रेम करून घेतली होती आणि ती सोबत आणली होती.

गुहेच्या वाटेवर, तोंडाच्या बऱ्याच खाली, कमलआक्कांचं दुकान आहे. खडकाला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर, चहा, भजी, नारळ. आमची राहायची सोयही त्यांच्याच ओसरीवर होती. आल्या आल्या त्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची) आणि हिरव्या मिरचीतलं भरीत वाढलं, आणि आम्ही सुरतेहून आलो म्हटल्यावर आम्हाला नीट न्याहाळलं.

"तुम्ही सुरतथून उनात? मंग गाडीमा कसाले बसनात? भुयारमाईन येतात ना." (सुरतेहून आलात? मग गाडीत कशाला बसलात? भुयारातून यायचं ना.)

गुहेतलं भुयार थेट सुरतेला निघतं, अशी त्या मुलखाची श्रद्धा आहे. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या भुयारांना लांब कुठेतरी जायची हौस असते. हे एक तरी आमच्या गावी येत होतं, याचा मला अभिमान वाटला. शेवट कोणी पाहिलेला नाही, आणि नेमका तोच न पाहण्यासाठी माघात यात्रा भरते. यात्रेच्या तीन दिवसांत आक्कांची वर्षाची मीठमिरची सुटते. एरवी वाटेवर कोण असतं? गुराखी आणि वनरक्षक, आणि वनरक्षक पैसे देत नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. भाषा माझ्या घरचीच, त्यामुळे मी सापडलो. नकाशात भुयार संपलेलं दिसलं तर पुढच्या माघात कोण येणार, असा त्यांचा साधा प्रश्न होता. "शेवट सापडना ते माले सांगज्यात. बाकी कोणले नका सांगज्यात." (शेवट सापडला तर मला सांगा. बाकी कोणाला सांगू नका.) मी म्हणालो, आक्का, मी फक्त शून्य धरतो. त्यांचं समाधान झालं नाही.

सकाळी गुहेत शिरलो. तोंडाशी साहेबांचं भाषण झालं. श्रोते आम्ही दोघं आणि एक सरडा. पुढे जमीन खाली जाते आणि छप्परही उतरत जातं; आधी वाकून, मग रांगून, मग पोटावर सरपटत जावं लागतं. साहेबांच्या पोटामुळे शेवटच्या प्रकाराला वेळ लागला. वटवाघळं आमच्या कानांजवळून इतक्या सफाईने जात होती की आमचीच लाज वाटावी. मी टोक धरायचो, ज्योती आकडा वाचायची, होकायंत्र बघायची आणि गुडघ्यावर कागद ठेवून भिंती काढायची. मधेच म्हणाली, "दादा, गंमत बघ, यात एकही डिझाइन रिपीट नाही." सचिनमध्ये दिवसभर एकच आंबा हजारदा काढणाऱ्या मुलीने हे ज्या आवाजात म्हटलं, तो ऐकून मलाही आनंदाने ओरडावंसं वाटलं. ओरडलो. वटवाघळांनी पुन्हा एक फेरी मारली.

शेवटी एक छोटं दालन लागलं आणि तिथे गुहा संपली. समोर खडक, खडकात खाली हाताच्या रुंदीची भेग. साहेबांचा चेहरा उतरला. वर्तमानपत्रासाठी लिहून आणलेल्या मजकुरात 'अथांग' हा शब्द दोनदा आला होता. तरी त्यांनी धीर सोडला नाही. भूमातेची पूजा करायची म्हणून आणलेला धूप काढला, नारळाच्या शेंड्या पेटवल्या आणि त्यावर ओंजळभर धूप टाकला. बंद जागेत एवढा धूर करणं शहाणपणाचं नाही, हे मी सांगेपर्यंत उशीर झाला होता. आम्ही तोंडाला रुमाल लावून परत सरपटायला वळलो.

पण धूर आमच्याकडे आलाच नाही. शिस्तीत, रांगेत लावल्यासारखा, तो भेगेत शिरला आणि निघून गेला. मी हात लावून पाहिला. गुहेतली गार हवा खाली वाहत होती. कुठेतरी दुसरं तोंड होतं. साहेबांनी माझा हात धरला आणि कुजबुजले, "सुरत."

बाहेर आलो तर कमलआक्का पदर खोचून चढ चढत येत होत्या. "मना दुकानमा धूर निंघी राह्यना! तुम्ही काय पेटाडं?" (माझ्या दुकानात धूर निघतोय! तुम्ही काय पेटवलंत?)

धावत खाली गेलो. दुकानाच्या मागच्या खडकात एक भोक होतं. त्यातून बारमाही गार हवा येते, म्हणून आक्का त्यात सोड्याच्या बाटल्या ठेवायच्या. आता बाटल्यांच्या मधून धुपाचा धूर संथपणे, एखाद्या मोठ्या देवस्थानासारखा येत होता. दोन गुराखी चपला काढून हात जोडून उभे होते.

खात्री करणं भाग होतं. ज्योती पुन्हा आत गेली. मी दुकानातून काही बाटल्या बाजूला करून लांब काठीला फितीचं टोक बांधलं आणि भोकात सरकवत राहिलो. बऱ्याच वेळाने पलीकडून फीत ओढली गेली. माझं शून्य आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी पोचलं होतं. मी बाकावर बसून इतका हसलो की गुराख्यांनी मलाही नमस्कार केला.

मग हसू थांबलं, कारण आक्का हसत नव्हत्या. त्या चुलीपाशी बसून भोकाकडे बघत होत्या. सुरतेला जाणारं भुयार त्यांच्या सोड्याच्या बाटल्यांपाशी संपलं होतं.

साहेब हळूच ज्योतीला म्हणाले, "शेवटी एक प्रश्नचिन्ह टाक. कोणाचं काय जातं?"

"साहेब, भेगेतून मला बाटलीचं बूड दिसलं. त्यावर प्रश्नचिन्ह कसं टाकू?"

साहेब माझ्याकडे वळले. मला आक्कांची बाजू घ्यायची होती. पण टोक मीच सरकवलं होतं. मोजलेलं मोजलं नाही असं म्हणायला जीभ वळेना. मी तेवढंच सांगितलं आणि आक्कांकडे बघायचं टाळलं. चुलीवर चहा उकळत होता. गुराखी अजून अनवाणीच उभे होते. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून चहा गाळला आणि पहिला कप भोकासमोर ठेवला.

"देव सुरतलेच निंघना व्हता," त्या गुराख्यांना म्हणाल्या. "वाटमा मना आठे च्या पेवाले थांबना." (देव सुरतेलाच निघाला होता. वाटेत माझ्याकडे चहा प्यायला थांबला.)

गुराख्यांना ते तात्काळ पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. सुरतेच्या नोव्हेंबरातल्या उकाड्यापेक्षा त्या गार खडकाशी थांबणं कोणत्याही देवाला शोभण्यासारखं होतं. साहेबांनी तर 'अथांग' खोडून तिथेच 'जागृत' लिहिलं.

परतीच्या गाडीत साहेबांनी हेल्मेट पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे जागा मिळाली नाही. दाराशी उभं राहून मी विचार करत होतो. आम्ही अज्ञाताला मोजायला जातो आणि मोजून झालं की ते नाहीसं होईल, अशी आम्हाला भीती वाटते. तसं काही होत नाही. माणसं त्याला दुसरीकडे बसवतात, बहुधा जरा सोयीच्या ठिकाणी. उधना आलं, ओळखीचा रसायनांचा वास आला, आणि हा विचार मला अजूनच भारी वाटायला लागला.

माघात आक्कांचा फोन आला. यात्रा दुप्पट भरली. लोक आधी वर गुहेत जातात, मग खाली भोकाशी, आणि दोन्हीकडे नारळ लागतो. भोकाला शेंदूर लावलाय आणि देवाच्या जागेत बाटल्या ठेवणं बरं दिसत नाही. म्हणून सोडा गार करायला त्या आता शिरपूरहून बर्फ मागवतात.