शेवटच्या दिव्याचा करंट

किस्से साठतात ते म्हातारपणी औषधाच्या बाटल्या साठतात तसे. कुठली कधीची, कशावरची, लेबल पुसलेलं असतं. टाकवत मात्र नाही. मी पुढे जन्मभर कॉलेजात वीज शिकवली, डॉक्टरेटही मिळवली, पण बाटली उघडायची म्हटलं की हात बारामतीच्या त्या खोलीकडेच जातो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आठवण बरोबर आहे ना, ही शंका आहेच. तरी ऐका.

खोलीत आम्ही तिघं: मी, पिंपळीचा बापू आणि इंदापूरकडचा नामदेव. पुण्याच्या इंजिनियरिंग डिप्लोमाची प्रवेश परीक्षा द्यायची होती. तिघांच्याही घरी रॉकेलचे कंदील, आणि गणितं सगळी विजेची!

*

बापूने शिकवणीच्या पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, बटण बंद केलं की दिव्यातली वीज कुठं जाती?"

आमचे सर कायम थकलेले. दिवसभर शाळा, वर आम्ही.

"तास सुरू झाला की तुझं लक्ष जातं ना, तिकडेच!"

*

माझा प्रकार वेगळा. उत्तर दोन अँपिअर आलं की मी ते तपासायचो, खोडायचो, पुन्हा दोनच काढायचो, पुन्हा खोडायचो. कागदाला भोक पडे. तरी सरांना विचारायचो, "दोनच ना, सर?"

बापू म्हणाला, "ह्यो देवाच्या पाया पडल्यावर बी इचारल, पोचलं का म्हणून!"

*

नामदेवचे वडील, तात्या, बाजाराला आले की खोलीवर टेकायचे. आदल्या वर्षी नामदेव नापास झाला होता. तात्यांनी सरळ सांगून टाकलं, "औंदा शेवटचं. माझ्याच्यानं आता औत हाकवत न्हाय. तुझं जमलं तर गडी बघीन. न्हाय जमलं तर तूच."

विषय बदलावा म्हणून नामदेवने वहीतली आकृती दाखवली. एका तारेने वीज येते, दिव्यातून जाते आणि दुसऱ्या तारेने परत.

तात्यांनी परतीच्या तारेवर बोट ठेवलं.

"सगळी माघारी जाती?"

"व्हय, तात्या."

"मग तुमाला घावलं काय?"

पुढे वर्गात पोरांना हे सांगायचो तेव्हा ती हसायची. मला मात्र अजून नीट उत्तर देता येत नाही.

*

नामदेव अडायचा तो एकाच गणितावर. एका तारेत, एकापुढे एक, तीन दिवे. कुठल्या दिव्यातून किती करंट? उत्तर साधं: तिन्हींतून सारखा. नामदेव दरवेळी शेवटच्या दिव्याला कमी लिहायचा!

त्यांचं रान कॅनॉलच्या अगदी शेवटाला, टेलला. पाण्याच्या पाळ्या पाटकरी द्यायचा. वरच्या अंगाच्या ओळखीच्यांची पाण्याची दारं तो जरा जास्तच वेळ उघडी ठेवायचा, आणि टेलला पोचायचा तो चिखल.

"अरे, पुस्तकात सारखा दिलाय!" सर वैतागले.

"पुस्तक लिवणाऱ्याचं रान पाटाच्या तोंडाला असंल, सर!"

सरांनी खडू खाली ठेवला. "नामदेव, ह्या एका दिव्यापायी तू औत धरणार बघ."

*

लेखी परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. मग पुण्याला तोंडी. नामदेव आत, मी दाराबाहेर घाम पुसत. दार उघडंच होतं.

परीक्षक साहेबांनी त्याचा पेपर पुढे सरकवला. "बाकी बरं आहे. पण हे काय? शेवटच्या दिव्याला करंट कमी? नीट विचार करून सांगा."

मला उत्तर येत होतं, पण नामदेवचंच तर बरोबर नसेल ना, अशी शंका मला तिथे उभ्याउभ्या आली!

"सारखा, साहेब," शेवटी नामदेव म्हणाला.

"आता सारखा? पाठ करून आलात?"

"न्हाय, साहेब. आत्ता ध्यानात आलं. तारंवर पाटकरी न्हाय!"

साहेबांनी चष्मा काढला.

"रान टेलला दिसतंय तुमचं."

"व्हय, साहेब."

त्या जूनमध्ये तात्यांनी औताला गडी ठेवला.