छत्रीतून सगळं दिसतं

आमच्या शाळेच्या छपरावरची छत्री एवढी मोठी होती, की सिद्धगडावरून उतरलेला ढग तिच्यात अडकायचा आणि तिसऱ्या तासापर्यंत सुटायचा नाही. हे मी मुरबाडच्या एसटी स्टँडपासून शहापूरच्या बाजारापर्यंत शंभर जणांना सांगितलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी माना डोलावल्या. खरं म्हणजे ती छत्री दोन माणसांनी सहज टेम्पोतून उतरवली होती, आणि त्या दोघांत एक मी होतो. पण खरं सांगायची मला तेव्हा सवय नव्हती. ती कशी लागली, ते लिहितो.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. डोंगराच्या पायथ्याला आमची शाळा, दहावीपर्यंतची. मी मराठी शिकवायचो. गणिताच्या शिक्षकाची जागा मात्र दोन वर्षं रिकामी. एक जण नेमणुकीचा कागद घेऊन आला, रस्ता बघितला, शाळा बघितली आणि दुपारच्या गाडीने गेला तो गेलाच. (लोकांना सांगताना मी त्याला वाटेत वाघ भेटवायचो. त्याशिवाय त्याचं पळणं कुणाला पटायचं नाही.) मग कुठल्याशा योजनेतून शाळेला ही छत्री, म्हणजे उपग्रहाची डिश, एक मोठा टीव्ही आणि एक माईक मिळाला. दर मंगळवारी दुपारी शहरातल्या स्टुडिओत बसून एक सर गणित शिकवायचे आणि ते एकाच वेळी कितीतरी शाळांत दिसायचं. मुलांना शंका आली तर माईकचं बटण दाबून विचारायची, सरांना आवाज जायचा, सर तिथल्या तिथं उत्तर द्यायचे. बोलून झाल्यावर एक-दोन क्षण शांतता, मग उत्तर. आभाळात जाऊन यायचं तर तेवढा वेळ लागणारच.

एक गोष्ट मात्र होती. सर आम्हाला दिसायचे, सरांना आम्ही दिसत नव्हतो. आमच्याकडे कॅमेराच नव्हता. जायचा तो फक्त आवाज, आणि तोही बटण दाबलं तरच.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुलांना मी नेमकं उलटं सांगितलं.

त्याला कारण होतं. नववी-दहावीची साठ पोरं एका खोलीत, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना चादरी, आणि त्या अंधारात जो गोंगाट सुरू झाला तो कसाऱ्याला ऐकू गेला असेल. मी टीव्हीशेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, “पोरांनो, हा घरचा टीव्ही समजू नका. छत्रीतून सगळं दिसतं. कोण चिंच चघळतोय, कुणाचा डोळा लागलाय, सगळं. कालच सरांनी मला विचारलं, उंबरमाळीच्या फलाटावर एक बोकड एकटाच गाडीची वाट बघतोय, तो कुणाचा?”

पोरं हसली, पण अर्धवट. आणि माझं नशीब असं, की तास सुरू होऊन पंधरा मिनिटं झाल्यावर पडद्यावरचे सर म्हणाले, “मागच्या बाकावरच्यांनो, लक्ष आहे ना?” जगातला प्रत्येक शिक्षक पंधराव्या मिनिटाला हे म्हणतो. पण आमच्या मागच्या बाकावरचे तिघं काठीसारखे ताठ झाले, आणि एकाने तोंडातली चिंच चिंचोक्यासकट गिळली. त्या दिवसापासून मंगळवारी खोलीत टाचणी पडलेली ऐकू यायची. मला माझंच कौतुक वाटलं.

मग मी आणखी एक वाक्य जोडलं. माईकवर झुंबड उडू नये म्हणून सांगितलं, “प्रश्न असेल त्यानं गपचूप हात वर करायचा. सर बघतील, म्हणतील तेव्हाच मी माईक देईन.”

सांगितलं आणि विसरलो. बाता मारणाऱ्याचं हे एक असतं, आपण कुठली थाप सोडली ते त्याच्याच लक्षात राहत नाही. माईक माझ्याकडेच राहिला. मी टीव्हीला तोंड करून, मुलांकडे पाठ करून स्टुलावर बसायचो, एका हाताने सैल झालेली वायर दाबून धरायची, दुसऱ्या हातात माईक. प्रश्नही मीच विचारायचो, पुस्तकात बघून, भारदस्त आवाजात. “मुरबाडकडच्या शाळेचा प्रश्न फार छान,” असं सर म्हणाले, की तो आठवडा माझा सणासारखा जायचा.

दहावीच्या त्या वर्गात एक मुलगी होती. सिद्धगडाच्या कुशीतल्या वाडीतून दीड तास चालत यायची, मुलींच्या रांगेत भिंतीकडेला शेवटच्या बाकावर बसायची. अक्षर सुरेख, बोलणं जेवढ्यास तेवढं. तिच्या बापाची थोडी भातशेती, उरलेल्या महिन्यांत मिळेल ती मजुरी. त्याने घरात एकदाच सांगून ठेवलं होतं, की दहावी पास झाली तर शहापूरला मावशीकडे राहून कॉलेज, नाही झाली तर शाळा बंद, धाकट्यांचंही बघायचं आहे. माणूस वाईट नव्हता. एकदा बोललेलं फिरवायचा नाही, इतकंच.

ती एकदा मधल्या सुट्टीत माझ्याकडे वही घेऊन आली होती. समीकरणात एखादी संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की अधिकची उणे होते. ती का होते, हे तिला विचारायचं होतं. मला कुठलं माहीत? मी म्हणालो, “अगं, पक्ष बदलला की चिन्ह बदलतं. गावात निवडणुकीला बघत नाहीस का?” आजूबाजूची पोरं खो खो हसली. मीही हसलो. तीही थोडी हसली आणि वही मिटली. ते वाक्य मी पुढे वर्षभर जिथे तिथे ऐकवलं.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास.

गुणपत्रिका न्यायला ती आली, तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, इतके मंगळवार गेले, एकदा तरी सरांना विचारायचं होतंस. तिने मान वर केली.

“मी दर मंगळवारी हात वर करायची, सर.”

मला कळायला वेळ लागला. आभाळात जाऊन यायला लागतो तेवढा.

“ते माझ्याकडंच बघायचे,” ती म्हणाली. “पन कधी बोलले नाय. मला वाटलं, माझा प्रश्न येडा असंल. तोंडावरूनच कळत असंल त्यांना.”

वर्षभर त्या अंधाऱ्या खोलीत तिचा हात दोघांसमोर वर होता. एकाला दिसणं शक्य नव्हतं, आणि दुसरा पाठ करून बसला होता. तिला काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. सरांना कुणीच दिसत नाही, ती थाप होती, असं काहीतरी पुटपुटलो. तिने ऐकून घेतलं, गुणपत्रिकेची घडी केली आणि गेली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म दोन आठवड्यांत भरायचे होते, आणि त्यावर बापाची सही लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल रस्त्यावर ठेवली आणि वाडीची पायवाट चढलो. बाप भाताच्या खाचरात होता. मुलगी बांधावर रोपांच्या जुड्या बांधत होती. मी चिखलाच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. छत्रीतून काही दिसत नाही, मी खोटं बोललो, पोरीचा दोष नाही, तिला ऑक्टोबरला बसू द्या.

त्याने शांतपणे ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. हा माणूस माझा जुना श्रोता. वाघाची गोष्ट त्याने माझ्याकडून तीनदा ऐकली होती, आणि दर वेळी वाघ वाढला होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पोरीसाठी जीव तुटतो तुमचा, ते कळतंय मला. पन शिकवणारा मानूस पोरांना बगतच नाय, असं कुठं असतं काय? तुमी वाघ सांगितलात, तवा आयकला. ह्ये नाय.”

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितकं त्याचं हसू वाढलं. शेवटी तो लेकीकडे वळला. “गो, खरं काय हाये?”

ती जुडी बांधायची थांबली. “मला काय ठाव, बाबा. ह्या सरांनीच सांगितलं व्हतं, दिसतं म्हनून. आता सरच म्हंतात, नाय दिसत.”

त्यात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत नव्हतं, यातले कुठले सर खरे. मी बापाला एवढंच म्हणालो, की मंगळवारी शाळेत या, स्वतः बसा, स्वतः बघा. तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही.

मंगळवारी तो आला, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन, लावणीची कामं टाकून. बाहेर पाऊस असा, की समोरचा डोंगर दिसत नव्हता, आणि आमच्या छत्रीचं एक होतं, पावसात न चालणारी जगातली ती एकमेव छत्री. अर्धा तास तो पडद्यावरच्या मुंग्या बघत बसला. मग उठला. “यात तर मानूसच नाय, गुरुजी,” म्हणाला आणि कागद डोक्यावर घेऊन परत दीड तासाची वाट चालायला लागला. फॉर्मची मुदत पुढच्या गुरुवारी संपत होती.

पुढचा आठवडा मी आभाळाकडे बघण्यात घालवला. तो पुन्हा येईल याची मला मुळीच खात्री नव्हती. मंगळवारी दुपारी उघडीप पडली, आणि शाळेच्या दारात दोघं उभी होती, बाप पुढे, लेक मागे. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, वाटेत वाळलेले. “कुठं बसायची ही?” त्याने विचारलं. मी भिंतीकडेचा शेवटचा बाक दाखवला. तो तिथे बसला. ती त्याच्या शेजारी बसली.

त्या दिवशी मी स्टूल उलटं फिरवलं आणि पहिल्यांदा मुलांकडे तोंड करून बसलो.

तास सुरू झाला आणि बापाने हात वर केला.

पोरांना वाटलं गंमत आहे. दोन-चार जण खिदळले, मग त्याचा चेहरा बघून गप्प झाले. पडद्यावरचे सर थेट समोर बघत शिकवत होते. कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून बोलायची त्यांची हातोटीच तशी होती, प्रत्येकाला वाटावं, माझ्याशीच बोलतायत. तो त्यांच्याकडे बघत होता, ते त्याच्याकडे. दहा मिनिटांनी त्याने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. मग शेजारी लेकीकडे पाहिलं आणि तो आधार काढून घेतला. हात कलायला लागला, पण खाली आला नाही. चिखलाच्या खपल्या बाकावर पडत होत्या.

सर म्हणाले, “इथपर्यंत कुणाला काही शंका?” थोडं थांबले. आमच्याकडे बघून प्रसन्न हसले. “नाही ना? छान. पुढे जाऊ.”

त्याने हात खाली घेतला. माझ्याकडे पाहिलंच नाही. लेकीला विचारलं, “वरीसभर?”

“पाऊस नसंल तवा,” ती म्हणाली.

मी उठलो आणि माईक तिच्या हातात दिला. बटण कुठलं ते दाखवलं. तिने ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि विचारलं, “सर, बरोबरच्या चिन्हापलीकडं नेल्यावर अधिकचं उणे का होतं?”

शांतता. आयुष्यात एवढी लांब शांतता मी ऐकलेली नाही, आणि हे वाढवून सांगत नाही. मग सर बोलता बोलता थांबले, खडू खाली ठेवला. “चांगलं विचारलंस, बाळ. चिन्ह आपोआप बदलत नाही. दोन्ही बाजूंनी आपण सारखंच काढून घेतो. या बाजूचं संपून जातं, म्हणून दिसत नाही. त्या बाजूला ते उणे म्हणून दिसतं.” आणि फळ्यावर त्यांनी एक तराजू काढला.

पाच मिनिटांचं काम होतं.

तास संपल्यावर बाप माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन शब्द बोलावेत म्हणून मी तोंड उघडलं, त्याने बोलू दिलं नाही.

“सही कुठं करायची?” एवढंच म्हणाला.

ऑक्टोबरपर्यंत दर मंगळवारी ती पहिल्या बाकावर बसली, माईक तिच्यासमोर. पास झाली, काठावर. पण अकरावीची दारं तोवर मिटली होती. बाकीचे महिने तिने घरी काढले आणि पुढच्या जूनमध्ये शहापूरला मावशीकडे गेली, तेव्हा तिच्या बरोबरीच्या मुली एक वर्ष पुढे निघून गेल्या होत्या. तिचं ते वर्ष मी खाल्लं. त्याला दुसरा शब्द नाही.

पुढे दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी मुलांना सांगायचो, की यातून आपण कुणालाही दिसत नाही. वर्गात गोंगाट वाढला. वाढू दिला.

बाता मात्र सुटल्या नाहीत. मुरबाडच्या स्टँडवर चहाच्या टपरीशी अजून चार माणसं जमतात, आणि मी छत्रीत अडकलेला ढग काढतो. कधी कधी त्या घोळक्याच्या मागून एक हात वर येतो. तोच, तिच्या बापाचा. ओठांवर हसू नाही, काही नाही, नुसता हात. तो दिसला की माझं वाक्य तिथेच तुटतं. मी म्हणतो, “बोला, दादा.”

“काय नाय, गुरुजी,” तो म्हणतो. “दिसतो का, त्ये बगत होतो.”